साहेबाची रेकॉर्ड आणि आमची टिचकी

लग्न होऊन मी पुण्याहून बंगळूरला आले, तेव्हा सासूबाईंनी घरातल्या रीतीभाती सांगायच्या आतच सासऱ्यांनी मला टिचकी मारायला शिकवलं. आमच्या जे. पी. नगरच्या घरात, हॉलच्या कोपऱ्यातल्या बुटक्या सागवानी कपाटावर त्यांचा रेकॉर्ड प्लेअर बसलेला असतो. दर रविवारी नाश्ता झाला की त्यावर एक रेकॉर्ड लागते. एकच. ती निम्म्यावर आली की सुई अडकते आणि व्हायोलिन हट्टाला पेटलेल्या पोरासारखं तेच ते दोन सूर घोकत बसतं. अशा वेळी जो जवळ असेल त्यानं कपाटाच्या डाव्या अंगाला मधल्या बोटानं टिचकी मारायची. हळू मारली तर सुई जागची हलत नाही, जोरात मारली तर थेट शेवटाला जाते. "पोहे परतताना कसा स्वल्प हलका हात लागतो, तसं," सासरे इथल्या कन्नड वळणानं म्हणाले. या माणसानं जन्मात कधी पोहे परतलेले नाहीत.

माझे सासरे म्हणजे उमाकांत साठ्ये. मूळचे मिरजेचे. तरुणपणी इथल्या एका सरकारी कारखान्यात मोजमापाच्या खात्यात लागले आणि निवृत्त होईपर्यंत तिथंच चिकटून राहिले. यंत्राचा सुटा भाग केसाच्या कितव्या हिश्शानं चुकलाय हे सांगणं त्यांचं काम. निवृत्ती झाली, पण खोड गेली नाही. मी या घरात केलेल्या पहिल्या पोळीची जाडी त्यांनी व्हर्नियर कॅलिपरनं मोजली होती. कडेला एक आणि मध्ये एक असं दोनदा मोजून "सरी आहे", म्हणजे कन्नडमधलं ठीक आहे, असा शेरा दिला. मी त्याच रात्री नवऱ्याला, मकरंदला, विचारलं की तुझ्या घरात आणखी काय काय मोजतात ते आत्ताच सांगून टाक. तो म्हणाला, "बाबांचं मनावर घेऊ नकोस. फक्त रेकॉर्डला हात लावू नकोस."

ही रेकॉर्ड आली इंग्लंडहून. कारखान्यानं बाबांना ऐन हिवाळ्यात नऊ महिन्यांसाठी तिकडच्या एका लहानशा गावात प्रशिक्षणाला धाडलं होतं. शाकाहारी माणूस, उकडलेल्या बटाट्यावर जगत होता. संध्याकाळी बसची वाट बघायची ती बर्फात उभं राहून. बसथांब्यासमोर रेकॉर्डचं दुकान होतं आणि दुकानात हीटर होता. संगीताची ओढ वगैरे काही नव्हती, हीटरची होती. दुकानदार म्हातारा होता, पण बावळट नव्हता. रोज फुकट ऊब खाणाऱ्या या गिऱ्हाइकाला एके दिवशी त्यानं खुर्ची दिली आणि म्हणाला, बसतोयस तर निदान ऐक. त्यानं लावली ती हॅरल्ड विदरबी नावाच्या संगीतकाराची रेकॉर्ड. हा विदरबी त्याच गावच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा, आणि गावाबाहेर त्याला कुत्रंही ओळखत नव्हतं. एक व्हायोलिन आणि मागे अख्खा ऑर्केस्ट्रा. मुखपृष्ठावर हिरवी टेकडी आणि आपल्याकडे पार्श्वभाग करून चरणारी एक मेंढी.

ती ऐकता ऐकता बाबा रडले. कारखान्याचा अधिकारी, कोट-टाय घालून, परक्या दुकानात, हीटरला पाय लावून ढसाढसा रडला. बस गेली. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती रेकॉर्ड विकत घेतली आणि येताना आईंसाठी घेतलेल्या लोकरी स्वेटरमध्ये गुंडाळून आणली. "माझ्यासाठी स्वेटर आणला नव्हता गं," आई आजही सांगतात, "रेकॉर्डला पॅकिंग आणलं होतं."

आई म्हणजे माझ्या सासूबाई, प्रतिमा. विदरबीवर त्यांचा पहिल्या दिवसापासून राग. त्यांना संगीताचं वावडं आहे असं मात्र नाही, उलट त्या भजनी मंडळाच्या अध्वर्यू आहेत. कुठलीही चाल एकदा कानावर पडली की यांच्या डोक्यात घर करते. लग्नाला जातात आणि येताना दुसऱ्यांच्या मंगलाष्टकाची चाल घेऊन येतात. एकदा इंदिरानगरच्या दुकानात साडी बघता बघता तिथल्या जाहिरातीचं तामीळ गाणं उचलून आणलं आणि त्यावर विठ्ठलाचं भजन बसवलं. फक्त रविवारी रेकॉर्ड लागली की त्या स्वयंपाकघराचं दार लोटून घेतात आणि मिक्सर सुरू करतात. वाटायला काही नसलं तरी.

याला कारण घडलं होतं खंडेनवमीला. बाबा इंग्लंडहून आले, रेकॉर्डसाठी प्लेअर विकत घेतला आणि ती एकदाही लावायच्या आत, चारच दिवसांत खंडेनवमी आली. इथं तिला आयुधपूजा म्हणतात आणि ती अशी जोरात करतात की पुण्याच्या माणसाला घाम फुटावा. कारखान्यातल्या लेथ मशीनला झेंडूच्या माळा, बसला केळीचे खुंट, रस्त्यात फोडलेले कोहळे. बाबा कारखान्यात पूजा करायला निघाले आणि निघता निघता आईंना म्हणाले, "घरात नवीन वस्तू आलीय, तिचीही पूजा करून टाक." आईंनी केली. रेकॉर्ड प्लेअरला हळदकुंकू वाहिलं. मग त्यांना वाटलं, देव्हाऱ्याची पूजा करायची आणि देव कोरडा ठेवायचा, हे काही बरं नाही. त्यांनी रेकॉर्ड बाहेर काढली, प्लेअरवर ठेवली, तिच्यावर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलं, अक्षता टाकल्या आणि नमस्कार केला.

बाबा संध्याकाळी पेढे घेऊन आले. शेजारपाजार गोळा झाला होता. आईंनी रेकॉर्ड ओल्या फडक्यानं पुसून ठेवली होती, पण कुंकवात चिकटलेला एक तांदूळ तसाच राहिला होता. बाबांनी ऐटीत सुई टेकवली. निम्म्यावर खर्रर्र असा आवाज झाला आणि सुई जी घसरली ती बोटभर आत जाऊन थांबली.

तिथून पुढे या घरात कुठलंही भांडण, मग ते गॅस सिलिंडरवरून असो की मकरंदच्या गणितातल्या मार्कांवरून, शेवटी अक्षतेच्या दाण्यावर येऊन पोचायचं. बाबा म्हणायचे, "रेकॉर्डवर कोणी तांदूळ टाकतं?" आई म्हणायच्या, "पूजा करा कोणी सांगितलं होतं?" दोघांचंही बरोबर होतं, त्यामुळे भांडणाला अंत नव्हता.

खरं तर त्या एका दाण्यानं गेला होता फक्त ओरखडा. पण मोजमाप खात्याचा अधिकारी स्वस्थ बसतो होय? बाबांनी ती रेकॉर्ड डब्याच्या पिशवीतून गुपचूप कारखान्यात नेली, खात्यातल्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि टाचणीनं ते चर कोरून साफ करायला घेतले. तांदळानं जे अर्धवट सोडलं होतं ते अभियंत्यानं पूर्ण केलं. परत आणलेली रेकॉर्ड तिथं कायमची अडकायला लागली. ही गोष्ट बाबांनी एकट्या मकरंदला सांगितली होती, तीही तो इंजिनियर झाल्यावर. मकरंदनं मला सांगितली. आईंना कोणी सांगितली नाही.

आता या सगळ्यात खरी मेख अशी की टिचकीनं सुई जो तुकडा ओलांडून जाते, दीड-दोन मिनिटांचा असेल, नेमकं तेच ऐकताना बाबा त्या दुकानात रडले होते. रडलो हे त्यांना लख्ख आठवत होतं. सूर मात्र एकही आठवत नव्हता. "म्हणजे बघ गौरी," ते मला एकदा म्हणाले, "किल्ली आहे हातात, पण घर कुठलं ते विसरलोय." हे बोलताना त्यांचा चेहरा असा झाला होता की मला पुढे थट्टा करवली नाही. म्हातारा एका तुकड्यासाठी निम्मं आयुष्य झुरत होता आणि आम्ही त्यावर टिचक्या मारत होतो.

शोधायचं आम्ही बाकी ठेवलं नव्हतं. मकरंदनं इंटरनेटचा तळ गाठला. हाती लागला विदरबीच्या चर्चचा फोटो, आणि त्यातही छप्पर दुरुस्तीसाठी देणगी द्या असं लिहिलेलं. रेकॉर्ड काढणारी कंपनी कधीच बुडाली होती. खालच्या मजल्यावर जयतीर्थ राहतात. निवृत्त बँकवाले, कर्नाटक पद्धतीचं व्हायोलिन शिकवतात, आणि छतातून झिरपणारा विदरबी वर्षानुवर्षं सोसतात. त्यांना बाबांची दया आली. त्यांनी मधला तुकडा स्वतः रचला, वर येऊन मांडी घालून वाजवून दाखवला आणि म्हणाले, "साठ्ये सार, हा बसवून टाका. तुमच्या साहेबापेक्षा बरा आहे." बरा होताच. बाबांनी त्यांना कॉफी पाजली आणि खाली पाठवून दिलं.

त्यातच बाबांचे कान गेले. डाव्या कानानं तर चक्क राजीनामा दिला. उजव्यात यंत्र बसवलं, ते मध्येच शिटी मारतं. डॉक्टर म्हणाले, वरचे सूर आधी जातील. वरचे सूर म्हणजेच व्हायोलिन, हे बाबांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. रविवारी ते खुर्ची कपाटाला खेटून बसायला लागले, उजवा कान पुढे करून. रेकॉर्ड संपली की विचारायचे, "आज आवाज कमी होता का?" आम्ही म्हणायचो, हो बाबा, व्होल्टेज कमी असेल. मला ते उत्तर देणं फार जड जायचं.

आणि गेल्या हिवाळ्यात जयतीर्थ कागद फडकवत जिना चढून आले. इंग्लंडमधल्या एका गावातल्या तरुण पोरापोरींचा ऑर्केस्ट्रा भारतात फिरत होता आणि बंगळूरला एक कार्यक्रम करणार होता. गाव तेच, हीटरवालं. आणि आपल्या गावचा संगीतकार म्हणून पोरं वाजवणार होती हॅरल्ड विदरबी. बाबांनी कागद वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला. मग म्हणाले, "इस्त्रीवाल्याला सांग, कोट द्यायचाय."

कार्यक्रमाच्या दिवशी इलेक्ट्रॉनिक सिटीतलं ऑफिस मी दुपारीच सोडलं, कारण या शहरात संध्याकाळी कुठं वेळेवर पोचायचं तर दुपारी निघावं लागतं. आईंनी आधी "मी नाही येत त्या सवतीला ऐकायला" असं जाहीर केलं, मग कोणी आग्रह करत नाही असं बघून स्वतःच पैठणी नेसून तयार झाल्या. सभागृहात त्या आमच्या रांगेत बसल्या नाहीत. यांच्या कानातलं यंत्र शिट्या मारतं, मला लाज वाटते, म्हणाल्या आणि मधली वाट सोडून पलीकडच्या खुर्चीत जाऊन बसल्या. दारावरच मोबाइल बंद करायला लावले होते. रेकॉर्डिंगला सक्त मनाई. मकरंदनं चोरून करायचा बेत केला होता, तो माणसं फिरून बघताहेत म्हटल्यावर गुंडाळला.

विदरबी सुरू झाला. एक किडमिडीत पोरगी उभं राहून व्हायोलिन वाजवत होती आणि काय वाजवत होती! आमच्या रेकॉर्डच्या खरखरीखाली हे एवढं स्वच्छ काही दडलंय याची मला कल्पनाच नव्हती. बाबा खुर्चीच्या टोकावर आले होते, उजवा कान पुढे. यंत्रसुद्धा गप्प होतं. निम्मा भाग झाला. ते दोन सूर जवळ आले. मला आतून कळलं, आता येणार. आले. पोरगीनं ते दोन सूर वाजवले.

आणि आम्ही तिघांनीही टिचकी मारली.

मी मारली खुर्चीच्या हातावर. मकरंदनं स्वतःच्या गुडघ्यावर. बाबा पुढे झुकलेले होते, आणि त्यांच्या डाव्या हाताला, बरोबर कपाटाच्या उंचीवर, पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थाचं तुळतुळीत टक्कल होतं. चाळीसेक वर्षांच्या सरावाची, नेमक्या वजनाची, अशी खणखणीत टिचकी बसली की दोन रांगा मागे ऐकू गेली.

गृहस्थ उठूनच उभे राहिले. लष्करातून निवृत्त झालेले असावेत, मिशा तशाच होत्या. "व्हॉट इज धिस नॉन्सेन्स!" बाबांना ते ऐकू आलं नाही, पण मिशा दिसल्या. घाबरून ते मोठ्यांदा म्हणाले, "सॉरी सर! अभ्यास आगिबिट्टिदे!" म्हणजे सवय झालीय. लोकांच्या टकलावर टिचक्या मारायची सवय झालीय असं भर सभागृहात सांगणारा माणूस दुसरा कोणी असेल असं मला वाटत नाही. गृहस्थांच्या पत्नी मागे वळल्या. मी हात जोडले. मकरंद इंग्रजीत माफी मागायला लागला, आणि तो घाबरला की त्याचं इंग्रजी पाल्हाळिक होतं. बॅटरी घेऊन स्वयंसेवक धावत आला. बाबांचं यंत्र शिट्या मारायला लागलं. पुढून शुऽऽ, मागून शुऽऽ. सगळं शांत होऊन आम्ही पुन्हा बसलो तेव्हा व्हायोलिन ओळखीच्या वळणावर येऊन पोचलं होतं. रेकॉर्डवर टिचकीनंतर सुई जिथं पडते, बरोबर तिथं.

आम्ही गाडीतून घरी निघालो. सिग्नलला थांबलो तेव्हा बाबांनी एवढंच विचारलं, "तुमच्यापैकी ऐकलं का कोणी?" मी नाही म्हटलं. मकरंदनं मान हलवली. आई खिडकीबाहेर बघत होत्या, त्यांना कोणी विचारलं नाही. त्या रेकॉर्डच्या खटल्यात त्या आरोपी, त्यांची साक्ष कोण काढणार? बाबांनी कोट काढला, घडी करून मांडीवर ठेवला, आणि मला इतकं रडू आलं की मी रस्त्यावरच्या गर्दीवर चिडल्याचं सोंग केलं. दुसऱ्या दिवशी मी ऑर्केस्ट्राला मेल टाकली. चार दिवसांनी गोड भाषेत उत्तर आलं की आम्ही कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण केलेलं नाही, आपल्या आस्थेबद्दल आभारी आहोत.

पुढचा रविवार आला. बाबा रेकॉर्ड लावतील असं वाटत नव्हतं, पण सवय वाईट. नाश्ता झाला, रेकॉर्ड लागली. आईंनी स्वयंपाकघराचं दार लोटलं. मिक्सरचा आवाज मात्र आला नाही. निम्म्यावर सुई अडकली, व्हायोलिन ते दोन सूर घोकायला लागलं आणि मी बोट उचललं.

"थांब गं," आई म्हणाल्या.

त्या दारात उभ्या होत्या, हाताला कणीक. आल्या, पदराला हात पुसला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या प्लेअरला हात लावला. सुई अलगद उचलून बाजूला ठेवली.

बाबा गडबडले. "काय करतेस? प्रतिमा, तांदळानं आधीच..." आणि मध्येच थांबले. मग खाली बघत म्हणाले, "तांदळानं एवढं नव्हतं गेलं. मी नंतर कारखान्यात नेऊन टाचणीनं..."

"माहितीये," आई म्हणाल्या. "टाचणी माझ्याच डबीतली होती. वाकडी करून परत ठेवली होतीत."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर भांडायला काय उरलं असतं? सरा जरा."

त्या बाबांच्या उजव्या बाजूला वेताच्या मोड्यावर बसल्या, तोंड त्यांच्या कानाशी नेलं आणि गुणगुणायला लागल्या. आधी ते दोन सूर. मग त्यांच्या पुढचं. मी पहिल्यांदाच ऐकत होते. हळूहळू खाली उतरत जाणारी चाल होती, मध्येच थबकायची, पुन्हा वर बघायची. आईंचा गळा भजनाचा, त्यात एखादी हरकत आपसूक येत होती, ती विदरबीची नक्कीच नव्हती. खरं सांगायचं तर त्यातलं किती साहेबाचं आणि किती भजनी मंडळाचं हे सांगायला साक्षीदारच नाही, कारण आम्ही तिघं त्या वेळी टकलाची माफी मागत होतो. खाली जयतीर्थांनी ऐकलं असणार. संध्याकाळी जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, इंग्रजाला हे सुचणं शक्य नाही.

आई थांबल्या. बाबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

"हेच होतं का हो?" आईंनी विचारलं.

"ते नाही आठवत," बाबा म्हणाले. "पण रडलो होतो ते असंच."

"मग रडा स्वल्प," आई म्हणाल्या आणि त्यांच्या पाठीवरून कणकेचा हात फिरवला. मग उठून त्यांनी सुई उचलली, बोटभर पुढे नेली आणि टेकवली.